नऊ रात्रींचा धूर

तारा फुटल्याची बातमी आली तेव्हा मी मुरबाडच्या झेरॉक्सच्या दुकानात कुणाच्या तरी सातबाऱ्याच्या प्रती काढत होते. फोन पुण्याहून. बोलणारा भाविक नावाचा, तारे कसे मरतात याचा अभ्यास करणाऱ्या एका संस्थेतला. त्यानं विचारलं, "रत्नदीप सर आहेत का?" सरांना फोनचा पडदा दिसत नाही म्हणून त्यांनी जिथे तिथे माझा नंबर देऊन ठेवलाय. मी म्हटलं, "मी रेश्मा. त्यांचे डोळे बोलतेय." मला वाटलं, विनोद झाला. तो हसला नाही.

"सरांना सांगा," तो म्हणाला, "चुलीमागचीतला तारा फुटला. त्यांनी कळवला होता तोच."

मशीनमध्ये कागद अडकला, गिऱ्हाईक ओरडायला लागलं. मी ते तसंच टाकून मिळेल ती जीप पकडली आणि गावाकडे निघाले.

आमचं गाव सिद्धगडाच्या पायथ्याला. तिन्ही बाजूंनी डोंगर, त्यामुळे पाड्या-वस्त्यांसकट सगळ्याला खोरंच म्हणतात. आम्हा कुणब्यांची घरं वरच्या अंगाला, सरांची बौद्धवस्ती ओढ्यापलीकडे. सर हायस्कूलला विज्ञान शिकवायचे. मलाही त्यांनीच शिकवलं, आणि बी.एस्सी. होऊन मी झेरॉक्स काढते यात त्यांचा काही दोष नाही. मी पोचले तेव्हा ते ओट्यावर बसून वालाच्या शेंगा सोलत होते. ते काम त्यांना न बघता जमतं. मी सांगितलं. त्यांनी हातातली शेंग पुरी सोलली, दाणे टोपलीत टाकले आणि विचारलं, "किती?"

किती म्हणजे किती तेजस्वी. ताऱ्याच्या तेजाला आकडा असतो, आणि आकडा जितका मोठा तितका तारा मंद, हा उलटा हिशेब मला सरांनी आठवीत शिकवला होता. "अकरा पूर्णांक आठ," मी म्हटलं.

"मग आज बघ," सर म्हणाले आणि उठून घरात गेले. बराच वेळ बाहेर आले नाहीत. टोपली मी आत नेली तेव्हा ते भिंतीकडे तोंड करून उभे होते. मी टोपली ठेवून बाहेर आले.  माणूस पाच वर्षं एकटाच खरं बोलत होता आणि आज जगानं मान डोलावली.

चुलीमागची हे नाव सरांनी ठेवलेलं. सिंह राशीत एक ठळक तारा आहे, त्याला खेटून एक फिकट दीर्घिका. अब्जावधी तारे आहेत तिच्यात, पण आपल्याला दिसते कापसाच्या बोंडाएवढी, तीही नशीब असेल तर. शेजारच्या ताऱ्याची चकाकी एवढी की आपोआप आकाश टिपत फिरणारे मोठमोठे कॅमेरे तिथे आंधळे होतात. चुलीतला जाळ डोळ्यांवर आला की मागची भांडी दिसत नाहीत, तसं. सर मात्र दुर्बीण हाताने ढकलत, तो तारा नजरेच्या चौकटीबाहेर घालवत आणि मागची बघत. दुर्बीणही त्यांचीच. सोळा इंची आरसा त्यांनी दोन वर्षं काच घासून घरी बनवला. घरामागच्या माळावर पत्र्याची खोली आहे, तिचं छप्पर दोरी ओढली की चाकांवर सरकतं.

आणि वह्या. वर्षाला एक, अशा बावीस भरलेल्या, तेविसावी चालू. रोज कुठले तारे पाहिले, किती तेजाचे होते, हवा कशी होती. सरांकडे कॅमेरा नाही. जे आहे ते डोळ्यांनी पाहिलेलं आणि हातानं लिहिलेलं, त्यामुळे लिहिणाऱ्याचा शब्द हाच पुरावा. तीन वर्षांपूर्वी काचबिंदूनं त्यांची नजर गेली. नजर गेली म्हणजे दुर्बिणीची गेली, ढोबळ आकृत्या अजून दिसतात. तेव्हापासून मी बघते आणि सकाळी दुकानावर जायच्या आधी त्यांना आकडे सांगते. ते जाड स्केचपेननं इंच-इंच अक्षरात वहीत लिहितात. मी काय सांगितलं ते एकदाही परत विचारत नाहीत.

लॉकडाऊनच्या वर्षी सगळं जग दारं लावून बसलं होतं, मोठाल्या दुर्बिणीसुद्धा. सर माळावर होते. चैत्रात त्यांना चुलीमागचीच्या कडेला एक ठिपका दिसला, जो आदल्या महिन्यात नव्हता. एकोणीस रात्री दिसला आणि विझला. त्यांनी मुंबईच्या आकाशनिरीक्षकांच्या एका मंडळाला पत्र लिहिलं. मंडळानं कळवलं, फोटो असल्यास पाठवावा. झालं, तिथेच विषय संपला. सर तेव्हा म्हणाले होते, "हा परत येईल. आणि येईल तो मरायलाच येईल."

मंडळाच्या जुन्या कागदांत ते पत्र भाविकला सापडलं होतं. तो पहिल्यांदा घरी आला तेव्हा त्यानं मला ते मरायला परत येणं समजावून सांगितलं. चांगला पोरगा. माळशेज उतरून एसटीनं आला, उन्हानं लाल झालेला, आणि आल्या आल्या सरांच्या पाया पडला. त्याचं म्हणणं असं: प्रचंड मोठे काही तारे मरायच्या आधी काही वर्षं अंगावरचे थर बाहेर फेकतात. तो वायू कवचासारखा भोवती पसरत राहतो, थंड, काळा, कुणाला न दिसणारा. मग एक दिवस तारा फुटतो आणि फुटून निघालेला माल त्या कवचावर जाऊन आदळतो. एरवी फुटलेला तारा काही महिन्यांत मावळतो. हा मावळत नाही, कारण त्यानं स्वतःच आधी टाकून दिलेलं आता पेटत असतं. फुटणाऱ्या शंभर ताऱ्यांत असे पाच-सात. आणि थर फेकताना प्रत्यक्ष पाहिलेले तर अगदी बोटांवर मोजण्याइतके.

"म्हणजे राबच की," सर म्हणाले.

भाविकला राब माहीत नव्हता. सरांनी मास्तरी सुरात सांगितलं. भाताचं रोप ज्या तुकड्यात करायचं तो तुकडा उन्हाळ्यात आधी भाजायचा. शेण, झाडांचे टहाळे, पाला, गवत, वरून माती असे थरावर थर रचायचे, वाळू द्यायचे आणि वारा पडलेला बघून पेटवायचे. माघापासून आमच्याकडे खोरंभर धूर. "विस्तव आपला काडीएवढाच," सर म्हणाले. "जळतं ते आधी रचलेलं."

भाविकला ते इतकं आवडलं की त्यानं लिहून घेतलं. मग त्यानं बावीसच्या बावीस वह्यांच्या प्रत्येक पानाचा फोटो काढला. दोन दिवस लागले. जाताना म्हणाला, "सर, ह्या ताऱ्यानं कवच फेकलं ते जगात फक्त तुम्ही पाहिलंय. ते तुमच्या नावानं आमच्या लेखात येईल. अडचण एकच आहे. फोटो नाही, फक्त वही आहे. तेव्हा वही विश्वासाची आहे हे आम्हाला दुसऱ्या कुठल्या तरी मार्गानं दाखवावं लागेल. मार्ग आम्ही शोधतो."

"तपासा," सर म्हणाले. "बिनधास्त तपासा. पहिल्या पानापासून."

त्यांचा चेहरा असा उजळलेला मी कधी पाहिला नव्हता. अडुसष्ट वर्षांचा माणूस, शाळेच्या बक्षीस समारंभात पहिलं नाव ऐकू आलेल्या पोरासारखा दिसत होता. आणि मी गेल्या वर्षीची वही सगळ्यांच्या खाली सरकवली.

आता खरं सांगते. तिथे नाही सांगितलं, इथे तरी सांगते.

सरांचा नियम होता: दिसलं तर दिसलं लिहायचं, नाही दिसलं तर नाही, आणि बघायलाच गेलो नाही तर ओळ रिकामी सोडायची. "रिकामी ओळ पण नोंदच हाय," ते म्हणायचे. छान नियम. पण मी बघायला लागले त्याच्या पुढच्या हिवाळ्यात माझी शहापूरची चुलत आत्या वारली. तीन दिवसांचं सुतक. घरातून मला बाहेर सोडलं नाही. मी भोळेपणानं त्या तीन ओळींत 'सुतक' लिहून घेतलं सरांकडून. सरांनी काळा पेन ठेवला, तांबडा घेतला आणि खाली मोठ्या अक्षरात लिहिलं, 'तारे सुतक पाळत नाहीत.' तेवढ्यावर थांबले असते तरी चाललं असतं. पण शाळेतली पोरं दुर्बीण बघायला आली की सर ते पान उघडून दाखवायचे. पोरं हसायची. मीही हसायचे. सर आयुष्यभर असल्या रूढींशी भांडले, त्यांचा तो हक्क होता, हे मला कळत होतं. पण माझं तोंड दर वेळी भाजायचं.

मग गेल्या वर्षी मार्चच्या सहा तारखेला माझा चुलता गेला. काळूराम काका. बैल धुवायला गेला आणि ओढ्याच्या काठावरच बसल्या बसल्या गेला. आम्ही एका घरातले, त्यामुळे दहा दिवसांचं सुतक. सर तेव्हा डोळ्याच्या ऑपरेशनसाठी गेले होते आणि पंधरा दिवस शहापूरला त्यांच्या लेकीकडे, संघरत्नाताईकडे होते. जाताना वही माझ्या हातात देऊन म्हणाले होते, "पहिल्यांदा तुझ्या अक्षरात लिहितेस. नीट लिही."

नऊ रात्री मी माळावर गेले नाही. आकाश कसं होतं विचाराल तर घासलेल्या परातीसारखं स्वच्छ. दहाव्याला वही उघडली, नऊ ओळी रिकाम्या. तांबडा पेन डोळ्यांपुढे आला. 'सुतक' लिहिणार नव्हते, मेले तरी. आणि रिकामी सोडली असती तर सरांनी कारण विचारलं असतं. म्हणून मी लिहिलं, 'राब. धूर. दिसत नाही.' नऊ वेळा. खरं वाटावं म्हणून एके ठिकाणी 'धूर दाट' आणि एके ठिकाणी 'धूर मध्यम' असंही लिहिलं. एवढी अक्कल होती, आणि एवढीच होती.

कारण आमच्या खोऱ्यात एक रीत आहे. गावात मयत झाली की दहाव्यापर्यंत शिवारात कुणी विस्तव लावत नाही. माणसाला दिलेली आग आधी निवू द्यायची, मग मातीला द्यायची, असं म्हणतात. त्या दहा दिवसांत एकही राब पेटत नाही. कुणब्यांचा नाही, ठाकरांचा नाही, आणि सुतक न मानणाऱ्या बौद्धवस्तीचाही नाही. ते शेजारधर्म म्हणून थांबतात. सरांच्या भावाचा राब रचून तयार होता, तोही थांबला होता. काळूराम काकाचं सुतक होतं त्याच दिवसांत मी राबाचा धूर लिहिला होता. मुंबईच्या माणसाला यात काही खटकणार नाही. खोऱ्यातलं शेंबडं पोरही सांगेल की ही बाई खोटं बोलते.

सर परत आल्यावर मी त्यांना त्या ओळी वाचून दाखवल्या. ते "बरं" म्हणाले. दुसऱ्या दिवशी आमच्याकडे भेटायला आले, बापाजवळ बसले, काकाची विचारपूस केली. कुठल्या तारखेला गेला, तेही विचारलं. मला काही बोलले नाहीत. मीही नाही. वर्ष गेलं.

भाविक दुसऱ्यांदा आला तो एप्रिलच्या शेवटी. तारा फुटून दोन महिने होत आले होते आणि तो अजून जेमतेम उतरला होता. त्या दिवशी खोलीच्या छपराची दोरी तुटली म्हणून माझा बाप ती बांधायला सरांकडे आला होता. कोंडू त्याचं नाव. दोरी मांडीवर घेऊन तो दारात पीळ भरत बसला होता. सर खुर्चीत, मी चुलीपाशी, भाविक चटईवर.

"एक छोटी गोष्ट विचारायची होती," भाविक म्हणाला. त्यानं फोनमधलं पान काढलं. "गेल्या वर्षी सहा मार्च ते चौदा मार्च. नऊ ओळी आहेत, राब, धूर, दिसत नाही. अक्षर वेगळं आहे. ह्या दिवसांत नेमकं काय झालं होतं, आठवतं का? काहीही असू दे. जसं असेल तसं सांगा, म्हणजे मी तशी टीप घालतो."

आता आठवलं की मला ओरडावंसं वाटतं. जसं असेल तसं सांगा, तो म्हणाला होता. सगळं दार उघडून दिलं होतं त्यानं.

बापाचा हात थांबला. "मार्च? गेल्या साली?" तो म्हणाला. "आरं, तवा तर आपला काळूराम..."

"कोंडू," सर म्हणाले, "दोरी झाली का रे?"

बापानं तोंड मिटलं. माझ्याकडे पाहिलं. त्या घरात आम्ही चार माणसं होतो आणि त्यातल्या तिघांना ठाऊक होतं की त्या नऊ दिवसांत खोऱ्यात काडी पेटली नव्हती. चहा उतू गेला. मी तोंड उघडलं, खरंच उघडलं होतं. 'मी गेलेच नव्हते' एवढे तीन शब्द. पण बाप बघत होता, सर ऐकत होते, आणि भाविक मला ताई म्हणत होता. मी फडक्यानं चहाचं भांडं उतरवलं.

"धूर होता," सर म्हणाले. "राबाचा. मी सांगतो ना."

"सर, तुम्ही तेव्हा इथे होता?"

"इथंच होतो. डोळ्याला पट्टी होती, म्हणून हिनं लिहिलं."

सरांना खोटं बोलताना मी पहिल्यांदाच ऐकलं. सराव नसलेल्या माणसासारखं, गरजेपेक्षा मोठ्यानं.

"ताई?" भाविकनं विचारलं.

"होता," मी म्हटलं.

 त्यानं फोन खिशात घातला, चहा प्याला, सरांच्या पाया पडला आणि गेला. लेखाबद्दल काही बोलला नाही. मला वाटलं, सुटलो.

घरी जाताना बाप माझ्या पुढे चालत होता. ओढ्यापाशी वळून म्हणाला, "काळूरामची राख गरम व्हती आणि तू राब लावलास?"

"बाबा, कागदावर लिवलं फक्त."

"कागदावर तर कागदावर. लावलास ना?" त्यानंतर तो माझ्याशी चार दिवस बोलला नाही. त्याच्या लेखी तारा, वही, पुणं काहीच नव्हतं. भावाच्या सुतकात लेकीनं विस्तव लावला, एवढंच त्याला कळलं, आणि ते काही चुकीचं नव्हतं.

पाचव्या दिवशी भाविकचं पत्र ईमेलनं आलं. सरांना वाचून दाखवायचं काम माझंच. मी ओट्यावर बसले आणि पहिल्या ओळीपासून वाचलं. मधे एकदा मनात आलं, हे गाळावं, ते बदलावं, त्यांना कुठे दिसतंय. हो, तेव्हाही आलं. पण वाचलं सगळं.

त्यानं लिहिलं होतं की वहीची परीक्षा घ्यायला त्यानं धुराच्याच नोंदी निवडल्या होत्या. जमिनीवर कुठे काय जळतंय ते टिपणारे उपग्रह आहेत, त्यांचे नकाशे सगळ्यांना बघायला मिळतात. सरांनी ज्या दिवशी धूर लिहिला त्या दिवशी नकाशावर आमच्या खोऱ्यात आगी दिसतात का, हे त्यानं बावीस वर्षांसाठी ताडून पाहिलं. इतकं जुळलं की त्याच्या वरिष्ठांनाही नवल वाटलं. फक्त ते नऊ दिवस जुळले नाहीत. 'एक चूक कुणाचीही होते,' त्यानं लिहिलं होतं, 'म्हणूनच मी नकाशा न दाखवता विचारायला आलो. पण तुम्ही दोघांनीही धूर पाहिल्याचं सांगितलंत. तो तिथे नव्हता. लॉकडाऊनमधल्या एकोणीस रात्रींनाही सरांच्या शब्दाशिवाय दुसरा आधार नाही. मला हे लिहिताना फार वाईट वाटतंय. वही आम्ही वापरू शकत नाही.' खाली नकाशा जोडला होता.

"नकाशात काय दिसतं?" सरांनी विचारलं.

"तांबडे ठिपके. शहापूरकडे, खर्डीकडे, मुरबाडच्या खाली सगळीकडे."

"आणि आपल्याकडे?"

"आपल्याकडे काय नाय. खोरं काळं हाय. पंधरा तारखेपासून ठिपकेच ठिपके."

 सर म्हणाले, "काळूरामचं सुतक वरनं पण दिसलं म्हणजे."

मी तिथेच रडले. रडून काय होणार, पण रडले. मग भाविकला फोन लावला आणि सगळं सांगितलं, काका, सुतक, तांबडा पेन, सर शहापूरला होते तेही. त्यानं मधे एकदाही तोडलं नाही.

"ताई," तो म्हणाला, "हे त्या दिवशी चटईवर सांगितलं असतंत तर नऊ ओळी वगळल्या असत्या. बाकी बावीस वर्षं उभी राहिली असती. तुमची चूक होती, सरांची नव्हती. पण मग सर म्हणाले, मी होतो, धूर होता. आता मी वरिष्ठांना काय सांगू? की हे तेव्हा खोटं बोलले, आता खरं बोलतायत, आणि पाच वर्षांपूर्वीही खरंच बोलत होते?"

मी फोन ठेवला. 

मी सरांना विचारलं, "तुमी कशाला बोललात? मला खोटी पाडली असती तरी चाललं असतं."

"वर्षभर वाट बघितली, तू सांगशील म्हणून," सर म्हणाले. "मग वाटलं, हिनं सांगायचं तरी कसं, तांबड्या पेननं तोंड आमीच बंद केलं. त्या दिवशी तुझा बाप समोर होता. पोरीला बापासमोर खोटी पाडायची, आमच्याच्यानं झालं नाय." आणि मग, "वाटलं, नऊ ओळींनी काय होतंय."

मला त्यांचा राग आला. खोटं का बोलू? आयुष्यभर खरं बोलून त्यांनी एकदाच खोटं वापरलं, तेही माझ्यासाठी, आणि मला त्या ओझ्याखाली ठेवून दिलं. शिव्या दिल्या असत्या तर मी सुटले असते.

वैशाखात भाविकचा लेख इंटरनेटवर आला. चाळीस पानं, इंग्रजीत. त्यात ताऱ्याचं वस्तुमान होतं, कवचाचं वजन होतं, वेग होता. कवच किती वर्षांपूर्वी फेकलं गेलं असेल याचा गणितानं काढलेला अंदाज होता, तीन ते आठ वर्षं. त्याच्या पुढचं वाक्य मी सरांना मराठीत करून सांगितलं: हे कवच फेकलं जाताना कुणीही पाहिल्याची विश्वासार्ह नोंद उपलब्ध नाही.

"विश्वासार्ह," सर म्हणाले. "शब्द बरोबर हाय."

त्यांनी गेल्या वर्षीची वही मागितली. मी त्या नऊ ओळींचं पान उघडून त्यांचं बोट तिथे टेकवलं. त्यांनी काळ्या पेननं आडवी रेघ मारली, थोडी वाकडी, आणि शेजारी लिहिलं, 'सुतक. पाहिले नाही.' मग खाली, 'मी साक्ष खोटी दिली.' सही केली, तारीख घातली. ते बघायला कुणी येणार नव्हतं. शाळेची पोरं यायचीही आता बंद झाली आहेत. भाविकचा फोन नाही. बावीस वह्या कपाटात आहेत, आणि पावसाळ्याआधी त्यांना वाळवी लागू नये म्हणून मी कडुलिंबाचा पाला ठेवते.

तारा अजून आहे. संध्याकाळी अंधार पडला की पश्चिमेला तासभर मिळतो, मग डोंगराआड जातो. उतरतोय, पण फार हळू. मी रोज जाते. न जाण्यासारखं काही कारण उरलेलं नाही. काल हवा स्वच्छ होती, खोऱ्यातले सगळे राब केव्हाच भाजून झालेत. मी शेजारच्या दोन ताऱ्यांशी तीनदा ताडून पाहिलं आणि आज सकाळी दुकानावर जायच्या आधी सरांकडे गेले.

"बारा पूर्णांक नऊ," मी म्हटलं. "हवा स्वच्छ."

त्यांनी मान हलवली आणि तेविसाव्या वहीत लिहायला घेतलं. आज त्यांना नेहमीपेक्षा जास्त वेळ लागला. मला वाटलं, आकडा चुकला असेल, म्हणून वाकून पाहिलं. आकडा बरोबर होता. तेविसाव्या वर्षापर्यंत त्या वह्यांमध्ये आकड्याशेजारी कुणाचं नाव कधी आलं नव्हतं. आज आकड्यापुढे त्यांनी इंच-इंच अक्षरात दोन शब्द लिहिले होते: रेश्मा म्हणते.